औषधवाही जेल आणि निर्दोष द्रावक

औषध गुणकारी, द्रावक घातक

सन १९३७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक नवे पातळ औषध विक्रीस आले. सल्फानिलामाइड हा त्यातील मुख्य घटक. घशाच्या व इतर अवयवांच्या जंतुसंसर्गावर तो अत्यंत गुणकारी ठरला होता आणि गोळी व भुकटी या रूपांत त्याचा उपयोग सर्रास होत होता. परंतु लहान मुलांना गोळी गिळवत नाही. म्हणून एका कंपनीने तेच औषध पातळ स्वरूपात देण्याचे ठरविले. सल्फानिलामाइड पाण्यात फारच थोडे विरघळते. कंपनीच्या रसायनज्ञास असे आढळले की, डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या गोडसर द्रवात ते चांगले विरघळते. त्यात फळाचा स्वाद मिसळला, चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला आणि बाटल्या बाजारात गेल्या. तो द्रव पोटात गेल्यावर काय करतो, एवढे मात्र कोणी पाहिले नाही. थोड्याच आठवड्यांत शंभरांहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्यांत अनेक बालके होती. औषधाचा दोष नव्हता. दोष होता तो ज्यात ते विरघळविले त्या द्रावकाचा. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे दाखविण्याचे बंधन अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने आले, ते या दुर्घटनेनंतर.

हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पुन्हा आढळले. तेथे ते द्रावक म्हणून नव्हे, तर औषधी ग्लिसरिनमधील भेसळ म्हणून आले होते. चौदा रुग्ण त्यामुळे प्राणास मुकले.

या दोन घटना आरंभीच सांगण्याचे कारण असे की, औषधाचा विचार करताना आपले सर्व लक्ष मुख्य घटकाकडे असते. तो ज्यात विरघळविला, ज्यात घोटला, ज्याच्या साहाय्याने घडविला, त्या द्रवाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे औषध हळूहळू सोडणारी जेल. ही जेल काही वेळा आठवडेच्या आठवडे शरीरात राहतात. घोटभर औषधापेक्षा त्यांच्या बाबतीत द्रावकाचा प्रश्न अधिकच निकडीचा होतो, तो कसा हे आता पाहू.

जेल म्हणजे काय?

सब्ज्याचे बी पाण्यात टाकले असता घटकाभरात त्याच्याभोवती एक पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगून येते, हे फालुदा पिणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. चिनी गवत पाण्यात उकळून थंड केले की त्याची वडी पडते; तीत शंभर भागांत नव्याण्णव भाग पाणी असले तरी ती वाहत नाही. ही दोन्ही जेलची घरगुती उदाहरणे होत. पदार्थ बहुतांशी द्रव आणि तरीही घनासारखा आकार धरून राहणारा, हे जेलचे लक्षण.

हे शक्य होते ते बहुवारिकांमुळे. एकाच प्रकारचे लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे हजारोंच्या संख्येने जोडले जाऊन जो प्रचंड रेणू बनतो, त्यास बहुवारिक म्हणतात. कापूस, स्टार्च, रेशीम ही निसर्गातील बहुवारिके. पॉलिथीन, नायलॉन ही मानवनिर्मित. अशा साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींस बांधल्या गेल्या की मासेमारीच्या जाळ्यासारखी, परंतु तिन्ही दिशांनी पसरलेली एक वीण तयार होते. द्रव त्या विणीत अडकून राहतो. अडकलेला द्रव पाणी असेल तर त्या जेलला हायड्रोजेल म्हणतात.

या जाळ्याचे डोळे किती लहान असतात? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. बहुतेक हायड्रोजेलांतील डोळे काही नॅनोमीटरांपासून शंभर नॅनोमीटरांपर्यंत असतात. ग्लुकोजचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा असल्याने तो त्यातून सहज निसटतो. प्रथिनांचे मोठे रेणू मात्र अडखळत, वाट शोधत बाहेर पडतात. वीण दाट केली की औषध सावकाश सुटते, विरळ केली की लवकर.

औषध बाहेर कसे पडते?

गोळी पोटात विरघळली की रक्तातील औषधाचे प्रमाण एकदम चढते आणि पुढील मात्रेपर्यंत उतरत जाते. चढाच्या वेळी ते अपायकारक होण्याची भीती, उताराच्या वेळी निरुपयोगी होण्याची. मात्रा सतत आणि संथपणे मिळत राहिली तर हे दोन्ही धोके टळतात. जेलकडून आपली अपेक्षा आहे ती हीच.

जेलमधून औषध बाहेर येते ते मुख्यतः विसरणाने, म्हणजे दाटीच्या जागेकडून विरळ जागेकडे रेणूंचे जे आपोआप स्थलांतर होते त्यायोगे. विसरणाचे नियम १८५५ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडोल्फ फिक यांनी मांडले. त्यांचा एक परिणाम असा की, रेणूंना दुप्पट अंतर जावयाचे असेल तर चौपट वेळ लागतो.

विद्यार्थ्यांना हे शाळेतही पडताळून पाहता येईल. शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम चिनी गवत उकळून ते काचेच्या परीक्षानळीत निम्म्यापर्यंत ओतावे व थंड होऊ द्यावे. वर खाण्याच्या रंगाचे गडद द्रावण ओतून नळी स्थिर ठेवावी. रंगाची सीमा एका तासात किती खाली उतरली हे मोजावे. चार तासांनी ते अंतर सुमारे दुप्पट झालेले दिसेल, चौपट नव्हे. जेलच्या गोळ्याची जाडी ठरविताना औषधशास्त्रज्ञ याच हिशेबाचा आधार घेतात.

याच फिक यांच्या पुतण्याने १८८८ साली बुबुळावर बसविण्याच्या काचेच्या भिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. काच डोळ्याला टोचे. तिच्या जागी शरीराला रुचेल असा मऊ पदार्थ आणण्याचे श्रेय चेक रसायनज्ञ ओटो विख्टर्ले यांच्याकडे जाते. त्यांनी व द्राहोस्लाव लीम यांनी जीवशास्त्रीय उपयोगासाठी पाणी धरणाऱ्या जेलांविषयीचा आपला निबंध १९६० साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या नाताळात, विख्टर्ले यांनी आपल्या घरी मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो यांपासून एक यंत्र जुळवून त्यावर मऊ भिंगे ओतून काढली. आज जगभर वापरली जाणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ही त्या यंत्राची संतती. जो पदार्थ शरीरात ठेवला असता आपले नेमलेले काम करतो व शरीर ज्याच्याविरुद्ध बंड करून उठत नाही, त्यास जैवसुसंगत म्हणतात. पाण्याने भरलेले जेल स्वभावतःच मांसपेशींसारखे मऊ व ओलसर असल्याने ते या कसोटीस चांगले उतरते.

द्रावकाचा प्रश्न

येथपर्यंत सारे सोपे वाटते. अडचण पुढेच आहे. सर्वच बहुवारिके पाण्यात विरघळत नाहीत. १९७६ साली रॉबर्ट लँगर व ज्यूडा फोकमन या अमेरिकन संशोधकांनी, बहुवारिकाच्या घन तुकड्यातून प्रथिनांसारखे मोठे रेणूही शंभराहून अधिक दिवस हळूहळू सोडता येतात, असे दाखवून सर्वांना चकित केले. दीर्घकालीन औषधयोजनेच्या इतिहासातील तो एक टप्पाच होय. परंतु ते बहुवारिक विरघळविण्यासाठी त्यांना डायक्लोरोमिथेन हा क्लोरीनयुक्त, भराभर उडून जाणारा द्रव वापरावा लागला. रंग खरवडण्याच्या द्रवांत पूर्वी हाच असे. त्यानंतरही औषधयुक्त सूक्ष्म गोलक बनविण्यासाठी त्याचा उपयोग होत आला आहे.

अशा द्रावकांचे तीन उपद्रव आहेत. पहिला, कारखान्यातील कामगाराच्या श्वासावाटे ते त्याच्या शरीरात जातात. दुसरा, पाणी व डायक्लोरोमिथेन यांच्या सीमेवर प्रथिनांची नाजूक घडी उलगडते. मग औषध औषध राहत नाही. तिसरा सर्वांत चिवट: द्रावक कितीही उडवून लावला तरी बहुवारिकाच्या विणीत त्याचा अंश मागे राहतोच. औषध ज्या जाळ्यातून सावकाश बाहेर पडावे म्हणून आपण योजना केली, त्याच जाळ्यातून नकोसा द्रावकही सावकाशच बाहेर पडणार. जाळे दोघांत भेद करीत नाही.

म्हणूनच औषधनियमांच्या एकसूत्रीकरणासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९७ साली औषधांतील शिल्लक द्रावकांवर मर्यादा घातल्या. औषधाच्या दहा लाख भागांत बेंझीन २ भागांहून, क्लोरोफॉर्म ६० भागांहून व डायक्लोरोमिथेन ६०० भागांहून अधिक असता कामा नये, असे त्यांत आहे. अल्कोहोल, ॲसिटोन व व्हिनेगारमधील ॲसिटिक आम्ल यांना मात्र ५,००० भागांपर्यंत मुभा आहे. आकड्यांतील हे अंतरच कोणता द्रावक किती भरवशाचा हे सांगून जाते.

पुढील वर्षी, १९९८ साली, पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पाचवे तत्त्व द्रावकांविषयी आहे. त्याचा आशय असा की, सहायक द्रव्ये शक्य तर वापरूच नयेत आणि वापरावी लागली तर ती निरुपद्रवी असावीत. जेलांच्या बाबतीत हे तत्त्व आचरणात आणण्याचे तीन मार्ग आज दिसतात.

पहिला मार्ग : पाणी

सर्वांत जुना व सर्वांत निर्धोक द्रावक म्हणजे पाणी. तपकिरी समुद्रशेवाळात अल्जिनेट नावाचे बहुवारिक असते. स्कॉटलंडमधील रसायनज्ञ स्टॅनफर्ड यांनी १८८१ च्या सुमारास त्याचा शोध लावला. सोडियम अल्जिनेटचे पाण्यातील द्रावण थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की प्रत्येक थेंबाचा तत्काळ साबुदाण्यासारखा गोल मणी बनतो. असे होण्याचे कारण १९७३ साली स्पष्ट झाले. अल्जिनेटच्या दोन साखळ्या समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये खोलगट खाचा तयार होतात आणि अंड्याच्या खोक्यात अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन त्या खाचांत बसून साखळ्यांना जखडतात. तापविणे नाही, विषारी जोडद्रव्य नाही, पाण्याखेरीज द्रावक नाही.

ही प्रक्रिया इतकी सौम्य आहे की तीत जिवंत पेशीही तग धरतात. १९८० साली लिम व सन या संशोधकांनी स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणारे पेशीपुंज अल्जिनेटच्या सूक्ष्म कोशांत बंद करून मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडले. त्यांची रक्तशर्करा दोन ते तीन आठवडे ताळ्यावर राहिली. ग्लुकोज आत जाई, इन्शुलिन बाहेर येई, आणि शरीराच्या संरक्षक पेशींना मात्र कोशाच्या भिंतीबाहेरच थांबावे लागे.

दुसरे असेच बहुवारिक कायटोसान. कोळंबी व खेकडे यांच्या कवचातील कायटिनपासून ते मिळते. कोळंबी सोलण्याच्या कारखान्यांबाहेर कवचांचे ढीग कुजत पडतात; त्यांपासून कायटिन व कायटोसान काढण्याच्या पद्धती आपल्या देशात कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केल्या आहेत. कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, परंतु पाण्यात थोडे ॲसिटिक आम्ल घातले की विरघळते, कारण त्याच्या साखळीवरील अमिनो गटांना आम्लामुळे धन विद्युतभार मिळतो व साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात. इ. स. २००० मध्ये कॅनडातील संशोधकांनी या द्रावणात ग्लिसरोफॉस्फेट हा क्षार मिसळला, तेव्हा थंड असता पातळ राहणारा आणि शरीराच्या ३७ अंश सेल्सियस उष्णतेस घट्ट होणारा पदार्थ हाती आला. म्हणजे सुईने टोचताना तो द्रव असतो आणि आत पोहोचल्यावर जेल होतो. औषधाचे भांडार जेथे हवे तेथेच, शस्त्रक्रियेवाचून उभे राहते.

दुसरा मार्ग : धड वायू नव्हे, धड द्रव नव्हे

पाण्याने भरलेले जेल फार काळ साठविता येत नाही. ते वाळवावे तर वाळत्या आवळ्यासारखे आक्रसते. पाणी उडताना त्याचा पृष्ठताण सूक्ष्म छिद्रांच्या भिंती आत ओढतो व वीण कोसळते. ही अडचण १९३१ साली सॅम्युएल किस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने युक्तीने सोडविली. जेलमधील पाण्याच्या जागी त्याने अल्कोहोल भरले आणि बंद पात्रात ते इतके तापविले की द्रव व वायू हा भेदच उरला नाही. पृष्ठभागच नाही, तर पृष्ठताण कोठून? जाळे जसेच्या तसे राहिले व आत फक्त हवा उरली. या पदार्थास एरोजेल म्हणतात.

परंतु अल्कोहोलला त्या अवस्थेस नेण्यास सुमारे २४० अंश सेल्सियस तापमान लागते. त्यात नाजूक औषध टिकणार नाही. येथे कार्बन डाय-ऑक्साइड मदतीस येतो. टॉमस अँड्रूज यांनी १८६९ साली बेलफास्ट येथील प्रयोगांनी दाखविले की, सुमारे ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून अधिक दाब दिला की तो द्रवासारखा दाट आणि वायूसारखा चपळ होतो. या अवस्थेस अतिक्रांतिक अवस्था म्हणतात. अशा कार्बन डाय-ऑक्साइडने जेलमधील अल्कोहोल धुऊन काढता येते, आणि दाब सोडताच तो स्वतः वायू होऊन निघून जातो. मागे अंश ठेवीत नाही. कॉफीतील कॅफीन काढण्यासाठी हीच युक्ती व्यापारी प्रमाणावर चालते. अल्जिनेट, स्टार्च इत्यादींची अशा रीतीने वाळविलेली जेल इतकी सच्छिद्र असतात की, एका ग्रॅममध्ये कित्येकशे चौरस मीटर अंतर्गत पृष्ठ सामावते. पाण्यात न विरघळणारे औषध त्या पृष्ठावर पातळ थराने पसरले की ते लवकर विरघळू लागते.

तिसरा मार्ग : दोन घनांचा एक द्रव

कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तिन्ही घन पदार्थ एका बाटलीत घालून हलविले की थोड्याच वेळात त्यांचे पाणी होते. हीच आपल्या घरोघरची अमृतधारा. पाण्याचा थेंबही न घालता द्रव कसा झाला? मिश्रणात प्रत्येक घटकाचे रेणू दुसऱ्याच्या स्फटिकरचनेत व्यत्यय आणतात व मिश्रणाचा द्रवणांक घटकांच्या द्रवणांकांहून खाली येतो. ज्या प्रमाणात तो सर्वांत खाली येतो, त्या मिश्रणास यूटेक्टिक म्हणतात.

२००३ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे अँड्रू अॅबट व त्यांचे सहकारी यांनी याच तत्त्वावर एक द्रावक बनविला. कोलीन क्लोराइडचा द्रवणांक ३०२ अंश, यूरियाचा १३३ अंश; परंतु पहिल्याचा एक व दुसऱ्याचे दोन रेणू या प्रमाणात मिसळले असता ते मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रव राहते. कोलीन हे अन्नातील पोषकद्रव्य, यूरिया शरीरातच तयार होणारा. या जातीच्या द्रावकांत बहुवारिके विरघळवून जेल बनविण्याचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. कधीकधी तर औषध स्वतःच यूटेक्टिकचा घटक होते. त्वचा बधिर करणारी लिडोकेन व प्रिलोकेन ही दोन औषधे समप्रमाणात मिसळली की ती खोलीच्या तापमानास द्रवरूप होतात. सुई टोचण्यापूर्वी मुलांच्या हातावर लावण्याचे मलम त्यांपासूनच बनते. त्यात औषधे विरघळविण्यास तिसरा द्रावक लागत नाही.

‘हरित’ या विशेषणाची परीक्षा

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. द्रावकाला हरित म्हटले म्हणजे तो निर्धोक ठरला असे नव्हे. न उडणारे म्हणून ज्यांची एके काळी वाखाणणी झाली, त्या आयनी द्रवांपैकी काही जलचरांना बाधक असल्याचे पुढे आढळले. कोलीन व यूरिया वेगवेगळे निरुपद्रवी आहेत म्हणून त्यांच्या दाट मिश्रणाचीही पेशींवर परीक्षा घ्यावीच लागते. अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइडला जाड पोलादी पात्रे व मोठा दाब लागतो, म्हणजे ऊर्जा खर्ची पडते. शिवाय बहुतेक मोठी बहुवारिके त्यात विरघळतही नाहीत. शेवाळ व कवच ही निसर्गाची देणगी खरी, पण शेवाळातील अशुद्धी व कवचातील प्रथिने काळजीपूर्वक काढून टाकली नाहीत तर शरीरात दाह उद्भवतो. आणि पाण्यात बनविलेले जेल जर ग्लुटाराल्डिहाइडसारख्या विषारी जोडद्रव्याने घट्ट केले, तर द्रावकाची सारी शुद्धता फुकट जाते.

यास्तव कोणत्याही औषधवाही जेलसंबंधी तीन प्रश्न विचारावेत. ते कशात विरघळविले? ते कशाने जोडले? आणि यांपैकी काय किती प्रमाणात आत शिल्लक राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष मोजून दिले पाहिजे. विश्वासावर सोडता येत नाही.

१९३७ साली एका रसायनज्ञाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते दिले होते आणि तेथेच तो थांबला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. मुलांना औषध घेणे सोपे व्हावे हीच त्याची इच्छा होती. आज पाण्यात शेवाळाचे मणी पाडणारा किंवा कोळंबीच्या कवचापासून जेल बनविणारा संशोधक त्याच इच्छेने काम करीत आहे. फरक इतकाच की, त्याच्या मेजावर चव पाहण्याच्या चमच्याऐवजी शिल्लक द्रावकाचे माप घेणारे उपकरण असते, आणि त्या उपकरणाचा आकडा समाधानकारक आल्यावाचून त्याचे जेल रुग्णाजवळ जात नाही.